वाचकांचे प्रश्न : डच नावं आणि आडनावं

मागच्या अंकात युरोपातल्या आडनावांवर छोटं टिपण दिलं होतं. त्यावर आलेली पत्रं मुख्यतः डच नावांबद्दल होती, आणि त्याचं नवल वाटलं नाही. जामठ्याला खेळून गेलेले क्रिकेटपटू, आपल्या हॉकी संघांचे प्रशिक्षक, मिहानमधल्या कंपन्यांचे ग्राहक, आइंडहोव्हन किंवा डेल्फ्टला गेलेली आपली मुलं अशा अनेक वाटांनी ही नावं नागपुरात येतात. पुढच्या बहुतेक उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, म्हणून आधीच सांगतो : डच आडनावाचा अर्थ शब्दकोशात शोधण्याआधी ते घराणं कुठल्या प्रांतातलं आणि ते नाव पूर्वी कसं लिहीत, हे पाहावं. शब्दकोश सगळ्यात शेवटी उघडावा.

प्रश्न : २२ फेब्रुवारी २०११ ला जामठ्याच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध ११९ धावा काढणारा रायन टेन डोएशाटे आठवतो. त्याच्या नावातलं ‘टेन’ म्हणजे काय? आणि द कॉक, डिव्हिलियर्स, डिसिल्व्हा यांच्या नावातलं ‘डी’ एकच आहे का?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : ‘टेन’ हा ‘टे’ आणि ‘डेन’ या दोन शब्दांचा जोड आहे. अर्थ ‘त्या ठिकाणापाशी’. पुढचा शब्द जागेचं नाव असतो, म्हणजे मूळ पुरुष त्या जागेपाशी राहणारा. जागेचं नाव जुन्या व्याकरणात स्त्रीलिंगी असेल तर ‘टेन’ऐवजी ‘टेर’ येतं.

तुम्ही विचारलेले ‘डी’ मात्र तीन वेगवेगळ्या भाषांतले आहेत. क्विंटन द कॉकचा ‘द’ डच. तो फक्त ‘तो अमुक’ असं दाखवतो, आणि कॉक म्हणजे आचारी. एबी डिव्हिलियर्सचा ‘द’ फ्रेंच. त्याचा अर्थ ‘अमुक गावचा’. फ्रान्समधून छळामुळे बाहेर पडलेले प्रोटेस्टंट, म्हणजे ह्युगेनॉट, १६८८ पासून आफ्रिकेच्या केपमध्ये उतरले. डिव्हिलियर्स आणि ड्यू प्लेसी ही आडनावं त्यांच्याकडून आली. श्रीलंकेतला डिसिल्व्हा पोर्तुगीज, तिथेही अर्थ ‘चा’ असाच.

ओळखायची खूण अशी : ‘द’च्या पुढे धंदा, रंग, अंगकाठी किंवा एखाद्या प्रदेशाचा माणूस आला तर नाव डच, गाव आलं तर बहुधा फ्रेंच. द विट म्हणजे गोरा, द ब्राउन म्हणजे सावळ्या केसांचा किंवा वर्णाचा, द बूर म्हणजे शेतकरी. त्या दिवशी जामठ्याला डच संघात टॉम द ग्रोथही होता. ग्रोट म्हणजे मोठा, आणि शेवटचा जादा ‘एच’ जुन्या लेखनातून राहिलेला. श्रीलंकेचा मायकेल वॅनडॉर्ट हेही मुळात ‘व्हान डोर्ट’. डोर्ट हे डोर्डरेख्ट शहराचं बोलण्यातलं नाव, आणि श्रीलंकेतल्या डच बर्गर, म्हणजे डच वंशजांच्या, समाजात ते दोन शब्द जोडून लिहिले गेले.

प्रश्न : आमच्या कार्यालयात नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या ग्राहकांची यादी मला सांभाळावी लागते. ‘व्हान देन बेर्ख’ कोणी ‘व्ही’खाली लावतं, कोणी ‘बी’खाली. पत्रात ‘मिस्टर व्हान’ लिहिलं तर चालतं का? कॅपिटल अक्षर केव्हा?
– एक वाचक, खापरी

उत्तर : ‘मिस्टर व्हान’ कधीच लिहू नका. ‘व्हान’ म्हणजे नुसतं ‘चा’ किंवा ‘कडचा’. नागपूरकर या आडनावातला ‘कर’ तोडून ‘श्री. कर’ म्हणण्यासारखं ते होतं.

वर्णानुक्रमाचा नियम देशानुसार बदलतो. नेदरलँड्समध्ये व्हान देन बेर्ख ‘बी’खाली लागतं आणि आधीचे तुकडे मागे टाकले जातात. बेल्जियममध्ये तेच आडनाव ‘व्ही’खाली लागतं. यादीत दोन्ही देशांचे ग्राहक असतील तर एक्सेलमध्ये तीन रकाने करा : पहिलं नाव, मधला तुकडा (व्हान, द, व्हान देर, टेर वगैरे) आणि मूळ आडनाव. डच ग्राहकांसाठी तिसऱ्या रकान्यावर क्रम लावा. बेल्जियमच्या ग्राहकांचं संपूर्ण आडनाव तिसऱ्याच रकान्यात टाका आणि दुसरा रिकामा ठेवा. छापताना तिन्ही जोडून घ्या.

कॅपिटलचा डच नियम सोपा आहे. आधी पहिलं नाव किंवा आद्याक्षर असेल तर ‘व्हान’चा व्ही लहान. ‘मेनेअर (म्हणजे श्री.) व्हान देन बेर्ख’ असं नुसतं आडनाव घेतलं तर पहिल्या तुकड्याचा व्ही कॅपिटल, पण ‘देन’चा डी लहानच. बेल्जियमच्या माणसाचं नाव त्याच्या ओळखपत्रावर जसं असेल तसंच लिहायचं, तिथे बहुधा कॅपिटल असतं.

गोंधळ होतो तो पुढच्या चार ठिकाणी.

पहिलं, संक्षेप. ‘व्ही. डी.’ असं लिहिलेलं असेल तर ते व्हान द, व्हान देन किंवा व्हान देर यांपैकी काहीही असू शकतं. अंदाजाने फोड केली की एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात, आणि मग एक बिल एकीकडे, दुसरं दुसरीकडे. त्याला विचारूनच पूर्ण रूप भरा. देन की देर हे जुन्या व्याकरणातल्या लिंगावर ठरत असे. आज त्याला नियम लावता येत नाही, ज्याचं जसं तसं.

दुसरं, सुरुवातीचा अपॉस्ट्रॉफी. १९०१ चं रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालेले व्हान ट हॉफ यांच्या नावातला ‘ट’ म्हणजे ‘हेट’ या शब्दाचं शेपूट. सुरुवातीची अक्षरं गळली म्हणून अपॉस्ट्रॉफी टीच्या आधी येतो. वर्ड आपोआप तिथे उघडणारं अवतरणचिन्ह टाकतं. ते पुसून बंद होणारं टाका, नाहीतर शोध घेताना नाव सापडत नाही.

तिसरं, ‘आय’ आणि ‘जे’ ही जोडी. डचमध्ये ती एकच अक्षर मानतात आणि शब्दाच्या सुरुवातीला दोन्ही कॅपिटल करतात. जुन्या फोनबुकांत ती ‘वाय’सोबत लावत, शब्दकोशांत मात्र ‘आय’खाली. मायर हे आडनाव कोणी आय-जे वापरून लिहितं, कोणी वाय वापरून. दोन घराण्यांनी दोन स्पेलिंगं पिढ्यान्‌पिढ्या जपलेली असतात, म्हणून तुमच्या सोयीने एकसारखं करू नका.

चौथं, जोडआडनाव. लग्नानंतर तिथे कायद्याने आडनाव बदलत नाही, पण जोडीदाराचं वापरता येतं. बाई ‘द व्रीस–बाकर’ असं लिहीत असतील तर द व्रीस जोडीदाराचं आणि बाकर जन्माचं. करारावर आणि पासपोर्टच्या मुख्य रकान्यात बाकरच असणार. दोन कागद जुळत नाहीत म्हणून फाईल परत पाठवण्याआधी एवढं तपासा.

प्रश्न : ‘व्हान’ असलेली माणसं सरदार-जहागीरदार घराण्यातली असतात ना?
– एक वाचक, रामदासपेठ

उत्तर : नाही. जर्मन ‘फॉन’वरून हा समज झाला आहे. डच ‘व्हान’ कुळवाड्यालाही असतं. बेटहोव्हनचं घराणं मूळचं आजच्या बेल्जियममधलं. पुतण्याच्या ताब्याच्या खटल्यात १८१८ साली व्हिएन्नाच्या उमरावांच्या न्यायालयात त्याला आपलं ‘व्हान’ खानदानी नसल्याचं मान्य करावं लागलं, आणि खटला सामान्यांच्या न्यायालयात गेला.

प्रश्न : नेपोलियनने आडनावं सक्तीची केली तेव्हा डच लोकांनी चेष्टेने वाट्टेल ती नावं लिहून दिली, असं ऐकतो. खरं का?
– एक वाचक, महाल

उत्तर : गोष्ट लोकप्रिय आहे, पण पुराव्यावर टिकत नाही. पुरावा म्हणून नेहमी ‘नाक्टखेबोरन’ हे आडनाव दाखवतात. आजच्या डचमध्ये त्याचा अर्थ ‘नागडा जन्मलेला’ असा होतो. पण हे नाव नेपोलियनच्या आधीच्या कागदांत मिळतं, आणि ते बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलासाठी असलेल्या जर्मन शब्दाचं बिघडलेलं रूप असावं. फक्त शब्दकोश पाहून अर्थ लावला की असं होतं.

झालं ते असं. १८ ऑगस्ट १८११ च्या हुकमाने ज्यांना कायमचं आडनाव नव्हतं त्यांना ते नोंदवायला सांगितलं. पश्चिम आणि दक्षिण भागात बहुतेकांची आडनावं तोपर्यंत ठरलेली होती. प्रश्न मुख्यतः फ्रीसलँड, ग्रोनिंगन, ड्रेन्टे अशा उत्तर-पूर्वेच्या प्रांतांचा आणि ज्यू समाजाचा होता, कारण तिथे बापाचं नाव लावूनच काम चालत असे. कुटुंबप्रमुख नगरपालिकेत जाऊन आडनाव सांगायचा आणि त्याखाली मुलं-नातवंडं लिहिली जायची. अनेकांनी टाळाटाळ केली, म्हणून राजा पहिला विलेम याला ८ नोव्हेंबर १८२५ ला तोच हुकूम पुन्हा काढावा लागला.

चमत्कारिक दिसणाऱ्या बऱ्याच आडनावांचं मूळ घराच्या पाटीत आहे. घरांना क्रमांक नव्हते तेव्हा दारावर चित्राची पाटी लावत : कोंबडा, कोल्हा, ससाणा. तिथला माणूस मग द हान, व्होस किंवा व्हाल्क झाला. कोल्ह्यासारखे लाल केस असलेल्यालाही व्होस म्हणत, त्यामुळे दोन व्होस घराण्यांचा एकमेकांशी काही संबंध असेलच असं नाही.

प्रश्न : तिकडे सगळ्यात जास्त आढळणारी आडनावं कोणती?
– एक वाचक, नंदनवन

उत्तर : २००७ च्या मोजणीत द योंग पहिलं होतं, ८०,००० हून जास्त लोकांचं. योंग म्हणजे तरुण. एका गावात बापलेकांचं नाव एकच असलं की धाकट्याला ते चिकटे. त्याखाली यान्सन, म्हणजे यानचा मुलगा. लिम्बर्ग प्रांतात त्यात दोन ‘एस’ लिहितात, एवढ्यावरूनही घराण्याचा प्रांत कळतो. मग द व्रीस, म्हणजे फ्रीसलँडचा माणूस. त्यानंतर डोंगराकडचा व्हान देन बेर्ख. तो सपाट देश असल्यामुळे जरासा उंचवटाही तिथे ‘बेर्ख’ होतो. बाकर (पाव भाजणारा), व्हिसर (मासे धरणारा), स्मिट (लोहार) आणि मुल्डर (चक्कीवाला) हीही भरपूर.

प्रश्न : मी अभियांत्रिकीला आहे. डायक्स्ट्राचं अल्गोरिदम शिकताना सरांनी सांगितलं की हे आडनाव फ्रीसलँडचं. शेवटच्या ‘स्ट्रा’वरून ते कसं कळतं?
– एक विद्यार्थी, बजाजनगर

उत्तर : सरांचं बरोबर आहे. ‘स्ट्रा’ हा जुन्या फ्रिसियन भाषेतल्या ‘बसणारा, राहणारा’ या शब्दाचा उरलेला भाग. डायक म्हणजे समुद्राचं पाणी अडवणारा बांध, म्हणून डायक्स्ट्रा म्हणजे बांधाजवळ राहणारा. एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली तो अल्गोरिदम प्रसिद्ध केला. त्यांचा जन्म रॉटरडॅमचा, पण आडनाव उत्तरेकडचं राहिलं.

हा प्रत्यय कळला की नकाशाच वाचता येतो. हूकस्ट्रा कोपऱ्यावरचा, व्हेनस्ट्रा दलदलीच्या जमिनीवरचा, झाइलस्ट्रा पाणी सोडायच्या दरवाजापाशी राहणारा. टेर्पस्ट्रा तर विशेष पाहण्यासारखं. टेर्प म्हणजे माणसांनी माती टाकून उभारलेली टेकडी. बांध नव्हते त्या काळात भरतीच्या पाण्यापासून वाचायला घरं अशा टेकड्यांवर बांधत. फ्रीसलँडमध्ये त्या आजही दिसतात, आणि कित्येकींवर गावाचं चर्च आहे.

दुसरा फ्रिसियन प्रत्यय ‘मा’, म्हणजे ‘च्या घराण्यातला’. हॉकीतला ड्रॅगफ्लिकचा वस्ताद टाके टाकेमा आठवत असेल. नावही टाके आणि आडनावाचा अर्थही टाकेच्या घराण्यातला. ग्रोनिंगनकडे ‘इंगा’ (हाउझिंगा), पूर्वेच्या ट्वेन्टे भागात ‘इंक’ (वेसलिंक). ‘व्हेर’ने सुरू होणारी मात्र दक्षिणेकडे जास्त, आणि तिथे ‘व्हेर’ म्हणजे ‘व्हान देर’ आक्रसून झालेलं. व्हर्मेअर म्हणजे तळ्याकडचा, व्हरहूव्हन म्हणजे शेतवाडीवरचा, व्हर्स्टापन म्हणजे मूळचं व्हान देर स्टापन.

प्रश्न : ईमेल लिहिताना समोर बाई आहे की पुरुष ते कळत नाही. यान, अॅन, जोक अशी नावं येतात. शिवाय सहीत तीन आद्याक्षरं आणि बोलावतात भलत्याच नावाने.
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : आधी उच्चार नीट करा. डच ‘जे’ म्हणजे ‘य’. तुम्ही ‘जोक’ वाचता ते ‘योका’, योहान्नाचं लहान रूप, म्हणजे बाई. यान म्हणजे पुरुष. ‘अॅन’चा तिथला उच्चार ‘अन्ने’. बहुतेक बाईच असते, पण फ्रीसलँडमध्ये ते पुरुषाचं जुनं नाव आहे. १९७० च्या दशकात डच संसदेचे अध्यक्ष असलेले अन्ने व्होन्डलिंग पुरुष होते. म्हणून आडनाव ‘स्ट्रा’ किंवा ‘मा’वर संपत असेल तर ‘मॅडम’ लिहिण्याआधी थांबा. शेवटी ‘के’ किंवा ‘त्ये’ आलं तर बहुधा बाई, कारण ते लाडाचे प्रत्यय आहेत. २०२४ पर्यंत आपल्या महिला हॉकी संघाच्या प्रशिक्षक असलेल्या यान्नेके स्खोपमन यांच्या नावात तोच ‘के’ आहे.

तीन आद्याक्षरांचं कारण असं की कागदावरची नावं आणि हाक मारायचं नाव तिथे वेगळी ठेवतात. कॅथलिक घरांत मुलग्यांनाही मारिया हे नाव देत. फुटबॉल प्रशिक्षक लुई व्हान खाल यांचं नोंदलेलं नाव अलोइसियस पाउलुस मारिया. योहान क्रॉइफचं हेंड्रिक योहान्नेस. हाकेचं नाव मूळ नावाच्या कुठल्याही टोकापासून निघतं : कोर्नेलिसचा केस, निकोलासचा क्लास, सेबास्तियानचा बास, खेर्ट्राउडाची ट्रूस. पत्राखालची सही पाहा आणि ती ज्या नावाने केली असेल त्याच नावाने उत्तर द्या.

जुन्या जर्मनिक नावांचा अर्थ दोन तुकड्यांत असतो. विलेम म्हणजे इच्छा आणि शिरस्त्राण. डिर्क हे डीडरिकचं लहान रूप, लोक आणि राजा. टोकियो ऑलिम्पिकला आपल्या महिला संघाचे प्रशिक्षक असलेले श्योर्ड मरायने यांचं पहिलं नाव फ्रिसियन, विजय आणि रक्षक मिळून झालेलं. हे दोन तुकडे जोडून ‘विजयाचा रक्षक’ असं वाक्य मात्र करू नये. बापाच्या नावातला एक तुकडा आणि आईकडचा एक घेऊनही नावं बनत.

प्रश्न : कोचीच्या डच कबरस्तानात जुन्या थडग्यांवर नावामागे ‘यान्स’ आणि मग ‘झेड’ कोरलेलं पाहिलं. हे आडनाव आहे का?
– एक वाचक, सदर

उत्तर : ते आडनाव नाही. ‘यान्सझोन’चा संक्षेप आहे, यानचा मुलगा. मुलीला ‘डी-आर’, म्हणजे डोख्टर. आपण मधे वडिलांचं नाव लिहितो तेच, आणि ते दर पिढीला बदलतं. चित्रकार रेम्ब्रांटच्या घरात पाहा : आजोबा खेरिट, वडील हार्मेन खेरिट्सझोन, स्वतः रेम्ब्रांट हार्मेन्सझोन. ‘व्हान राइन’ हे लायडनजवळ ऱ्हाइन नदीकाठी त्यांची पवनचक्की होती तिच्यावरून.

वंशावळ शोधणारे इथेच अडकतात. बापाचं नाव आडनाव समजून मागे गेलं तर एका पिढीतच माग तुटतो. अशा वेळी नामकरणाचा जुना क्रम कामी येतो : पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या, पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी बापाच्या आईच्या. मूल गेलं तर पुढच्याला तेच नाव, त्यामुळे एका घरात दोन खेरिट दिसले तर पहिल्याची दफन-नोंद शोधा. पूर्वेकडच्या शेतवाड्यांवर आणखी एक पेच आहे. तिथे आडनाव शेतवाडीचं. लग्न करून राहायला आलेला जावईही वाडीचं नाव लावे, म्हणून आडनाव एक असूनही रक्ताचं नातं नसतं.

ओपन आर्खीव्हन आणि वी-वास-वी या संकेतस्थळांवर नोंदी मोफत शोधता येतात. हेगच्या सीबीजी या संस्थेच्या आडनावांच्या कोशात २००७ साली कुठलं आडनाव कुठल्या गावात किती लोकांचं होतं, याचा नकाशा आहे. सुरुवात त्या नकाशापासून करा.

प्रश्न : नेदरलँड्समध्ये उम्रावसिंह, महाबीर अशी भारतीय आडनावं विचित्र स्पेलिंगनी दिसतात. ही माणसं कोण?
– एक वाचक, इतवारी

उत्तर : सुरिनामचे, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीचे, हिंदुस्तानी. लल्ला रूख जहाज कलकत्त्याहून ३९९ मजुरांना घेऊन ५ जून १८७३ ला पारामारिबोला पोहोचलं, तिथून ही वस्ती सुरू झाली. मजुराचं एकच नाव रजिस्टरात असे, तेच पुढे वंशजांचं आडनाव झालं. कारकून डच कानाने लिहीत. ‘ऊ’ साठी ओ-ई, ‘ई’ साठी आय-ई, ‘श’ साठी एस-जे. ही किल्ली लावली की दुर्गा, सुख, बीर सगळं वाचता येतं.

सुरिनाममध्येच १ जुलै १८६३ ला गुलामी संपली तेव्हा मुक्त झालेल्यांना आडनावं देण्यात आली, पण मालकाचं आडनाव जसंच्या तसं द्यायचं नव्हतं. म्हणून कुठे तुकडे उलटे केले : द व्रीसचं व्रीसडे, विल्केन्सचं केन्सविल. धावपटू लेटिशिया व्रीसडे हिचं आडनाव अशा प्रकारचं.

प्रश्न : माझा भाचा आइंडहोव्हनला नोकरी करून राहिला. पुढच्या महिन्यात बाळ होणार हाय. तिकडं नाव नोंदवताना काय पाहावं?
– एक मामा, हिंगणा रोड

उत्तर : अभिनंदन! जन्मानंतर तीन दिवसांत नगरपालिकेत नोंद करावी लागते, जन्माचा दिवस त्यात धरत नाहीत. म्हणून नाव आणि स्पेलिंग आधीच ठरवून ठेवा, बारशापर्यंत थांबता येत नाही.

तिथल्या नोंदवहीत पहिली नावं आणि आडनाव एवढेच दोन रकाने असतात, मधल्या नावाचा रकाना नसतो. वडिलांचं नाव मधे टाकलं तर ते मुलाचं दुसरं पहिलं नाव ठरतं. भारतीय पासपोर्टशी जुळवायचं असेल तर पासपोर्टमध्ये जसं लिहिणार तसंच इथे लिहा. भाच्याच्या किंवा सुनेच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या. तिथे एकच नाव असलेल्या माणसाचं ते नाव आडनावाच्या रकान्यात जातं, पहिलं नाव कोरं राहतं, आणि बाळाच्या दाखल्यावर तीच अडचण उतरते.

१ जानेवारी २०२४ पासून डच कायद्याने आई आणि वडील दोघांचं आडनाव मधे जोडरेघ न देता मुलाला देता येतं. मात्र बाळ भारतीय नागरिक असेल तर नावाला भारतीय कायदा लागतो, हे नगरपालिकेत आधी बोलून घ्या. भारतीय दूतावासात जन्माची नोंद एका वर्षाच्या आत करायची असते.

उच्चारही तपासा. ‘जे’ म्हणजे ‘य’, ‘जी’ म्हणजे घशातला ‘ख’, ‘व्ही’ म्हणजे ‘फ’कडे झुकणारा ‘व्ह’. रोमन लिपीतली जुही तिथे ‘युही’ होते, गौरी ‘खाउरी’, विहान ‘फिहान’सारखा ऐकू येतो. मीरा, तारा, रोहन, अनिका, समीर यांना त्रास नाही. दाखला हातात मिळाला की खिडकीवरून हलण्याआधी एकेक अक्षर वाचून घ्या. पहिलं नाव नंतर बदलायचं तर तिथे न्यायालयात जावं लागतं.